तेरा वर्षे चाललेले पाय

दसरा-कोजागिरी उलटली की आमच्या ओपीडीत टाच धरून येणाऱ्यांची रांग लांबते. कोणी तुळजापूरला पायी जाऊन आलेला असतो, कोणी अक्कलकोटला, कोणी गाणगापूरला. वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर नाहीतर मोटारसायकलवर बसलेला माणूस दोन-तीन दिवसांत साठ-सत्तर किलोमीटर चालतो. घरी येऊन झोपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवताच कळवळतो. पायाखाली खिळा आहे की काय, असे त्याला वाटते.

आमच्या गावाचे नावच मुरुम. रस्त्यावर अंथरतात तो मुरूम आणि आमचे गाव यांच्या नावात उच्चाराचाही फरक नाही. त्यामुळे खडीवरून घसरून घोटा मुरगळलेला रुग्ण आला की आमच्याकडे हमखास एक विनोद होतो. टाच दुखणारे आणि घोटा मुरगळलेले, दोघेही शेवटी एकच प्रश्न विचारतात. जुनी माणसे एवढी चालायची, मग त्यांचे पाय कसे टिकायचे? त्यांची हाडे काही निराळी होती का?

हाडे तीच होती. तुमच्या-माझ्या पायात २६ हाडे आहेत, त्यांच्याही पायात २६ होती. फरक कशात होता, हे सांगण्यासाठी आज एका माणसाचे आयुष्य त्याच्या पायांच्या बाजूने सांगतो. हा माणूस पहिलवान नव्हता, प्रकृतीने तर किरकोळच होता. पंचावन्नाव्या वर्षी तो चालायला निघाला आणि अडुसष्टाव्या वर्षी परत आपल्या जागी आला. त्याचे नाव विनायक नरहर भावे. आपण त्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखतो.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातील गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते आणि विनोबा दहा वर्षांचे असताना कुटुंबही तिकडे गेले. याच सुमारास त्यांनी मनाशी ब्रह्मचर्याचे व्रत धरले आणि त्याला जोडून काही नेम लावून घेतले. पायात वहाणा नाहीत, डोक्यावर छत्री नाही, अंथरायला गादी नाही. शाळेत जीव रमत नसे, पण भटकण्याची भारी हौस. बडोद्याच्या उन्हात हा मुलगा मैलोन् मैल अनवाणी फिरे. त्या उन्हाचा आपल्या डोळ्यांवर परिणाम झाला, असे ते पुढे मानत. वैद्यकशास्त्र असा थेट संबंध जोडत नाही. मात्र त्या वयात पायांवर काय घडत असते, ते सांगता येते.

टाचेचे हाड, ज्याला आम्ही कॅल्केनियस म्हणतो, हे पायाच्या मागच्या भागातील सर्वांत मोठे हाड. मूल जन्मते तेव्हाच त्याचा गाभा हाडाचा झालेला असतो. पण त्याच्या मागच्या टोकाला कूर्चेची एक टोपी असते. त्या टोपीत सात-आठ वर्षांच्या सुमारास हाड धरू लागते आणि चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत ती मुख्य हाडाशी जुळून जाते. मधल्या काळात खेळणाऱ्या मुलांची टाच दुखते ती बहुतेक वेळा या जोडापाशी. आईवडील घाबरतात, पण थोडी विश्रांती आणि मऊ तळाचे बूट एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. हाड घडण्याच्या याच वयात विनोबा रोज चालत होते.

टाचेच्या हाडाखाली निसर्गाने एक गादी ठेवली आहे. जाडी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर. ती चरबीची असते, पण पोटावरच्या चरबीसारखी सैल नव्हे. मधमाश्यांच्या पोळ्यात जसे कप्पे असतात, तसे धाग्यांच्या भिंतींचे बंद कप्पे आणि त्या प्रत्येक कप्प्यात कोंडलेली चरबी. टाच टेकली की चरबी दबते, पण भिंती तिला बाजूला पळू देत नाहीत. पाऊल उचलले की गादी परत फुगते. चाळिशीनंतर या भिंतींचा ताण हळूहळू कमी होतो, गादी पातळ होऊ लागते. म्हणून म्हाताऱ्या माणसाला फरशी टोचते. टाचेत वरचेवर स्टेरॉइडची सुई घेतल्यानेही ही गादी झिजते. एका सुईने बरे वाटले म्हणून दर दोन महिन्यांनी सुई मागणाऱ्या रुग्णाला मी नाही म्हणतो, ते याच कारणाने.

अनवाणी चालणाऱ्याची कातडी जाड होते, हे आपण शेतकऱ्याच्या पायावर पाहतो. जाड कातडीला जमिनीचा स्पर्श कळत नसेल असे वाटते. पण केनियातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या अभ्यासात उलटे दिसले. कातडी जाड होऊनही तळव्याची जाणीव शाबूत होती. ही जाणीवच पुढे या गोष्टीत महत्त्वाची ठरणार आहे.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. तिथून जूनमध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींकडे आले. पुढच्या वर्षी प्रकृती सुधारावी आणि संस्कृतचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी आश्रमातून रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे ते शिकले. अभ्यास झाल्यावर महाराष्ट्रात सुमारे चारशे मैल पायी फिरले. गावोगावी गीता सांगत, किल्ले पाहत, ठरल्या वेळी आश्रमात हजर. म्हणजे १९५१ मध्ये देशाला दिसलेल्या पदयात्रेचा सराव तीस-पस्तीस वर्षे आधीच सुरू झाला होता.

१९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले. सूतकताई, दळण, शिकवणे, मधूनमधून तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. शरीर मात्र हटत चालले होते. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह धरला. विनोबांनी वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीकाठच्या टेकाडावर मुक्काम हलवला. तिथे डोक्यातले सगळे विचार बाजूला ठेवले आणि कुदळ हाती घेतली.

इथे डॉक्टर म्हणून माझे लक्ष जाते ते त्यांच्या पद्धतीकडे. पहिल्या दिवशी त्यांनी थोडाच वेळ खणले. रोज थोडे वाढवले. मध्ये विसावा घेतला. काही महिन्यांत वजन भरले आणि अंगात ताकद आली. आज फिजिओथेरपिस्ट रुग्णाला हेच सांगतो की भार हळूहळू वाढवा आणि मध्ये अवकाश ठेवा.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येता येता एका जाड दोरीत मिळतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाच्या मागे रुतते. जुनी माणसे तिला धोंडशीर म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत तिला अकिलिसचे नाव आहे. अकिलिस हा ग्रीक कथेतला योद्धा, टाचेत बाण लागून मेलेला. आपल्याकडे श्रीकृष्णाच्या निर्वाणाच्या कथेतही व्याधाचा बाण पायालाच लागतो. ही कंडरा शरीरातली सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. पण तिचे एक दुबळे स्थान आहे. टाचेच्या दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला महिने लागतात. वर्षभर बसून एकदम पळणाऱ्या चाळिशीच्या माणसाची कंडरा तिथेच तुटते. मागून कोणी काठी मारली असे त्याला वाटते, तो वळून पाहतो तर मागे कोणी नसते.

१९४६ पासून विनोबा पवनारहून जवळच्या सुरगावला रोज पायी जाऊ लागले. खांद्यावर फावडे, काम गावाचा मैला साफ करण्याचे. पाऊस असो, चिखल असो, नेम चुकला नाही. दीड वर्षाहून अधिक काळ हे चालले. गांधीजींच्या हत्येनंतर देशभरातून बोलावणी आली, तेव्हा तो क्रम थांबला.

या वर्धा परिसरातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय टाचेची गोष्ट पुरी होत नाही. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. आपल्या समाजात कुष्ठरुग्णाला घरात जागा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हात-पाय झडतात ते रोग मांस खातो म्हणून, असे लोक समजत. खरे कारण नसेत आहे.

तुमच्या आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि धोंडशीर यांच्या मधल्या खळग्यात बोट ठेवा. तिथे नाडीचा ठोका लागेल. त्या धमनीला लागूनच तळपायाला जाणीव देणारी नस जाते. तिच्यावर एक घट्ट पट्टा ताणलेला असतो, म्हणजे नस एका बोगद्यातून जाते म्हणा ना. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात, ही नस सुजते आणि बोगद्यात चेपली जाते. तळपाय बधिर होतो. मग काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. तुम्ही-आम्ही लंगडतो, म्हणून आपल्या जखमा भरतात. ज्याला लंगडावेसे वाटत नाही, त्याची जखम हाडापर्यंत जाते.

आज कुष्ठरोगावर औषधे आहेत, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर पाय वाचतो. पण बधिर टाचा काही कमी झालेल्या नाहीत. त्या आता मधुमेह आणतो. मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी काका पत्नीबरोबर आले होते. तक्रार काय, तर खोलीत वास येतो. पायाचे त्यांच्या मनातही नव्हते. मोजा काढला तर टाचेत बाभळीचा काटा मोडून बसलेला, भोवती पू. काटा कधी रुतला, ते त्यांना सांगता येईना. साखर तीनशेच्या वर. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि तळपाय कोणी एकदाही तपासलेला नव्हता. काटा काढला, जखम साफ केली, साखर आटोक्यात आणली. टाच भरायला चार महिने लागले. काकांचा पाय वाचला, पण दरवर्षी वाचत नाहीत असेही पाय मी पाहतो. दुखत नाही म्हणून उशिरा येतात, एवढाच त्यांचा दोष.

आता १९५१ कडे येऊ. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबांनी ठरवले, जायचे तर पायीच. ८ मार्चला पवनारहून निघाले आणि सुमारे तीनशे मैल चालून महिन्याभरात पोहोचले. तेव्हा आपला उस्मानाबाद जिल्हाही हैदराबाद राज्यातच होता. तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालू होता. विनोबा त्या भागात पायी शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे शब्द टाकण्याआधी त्यांनी गावालाच विचारले आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात ती. ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर मिळाली. पावसाळा पवनारला काढून सप्टेंबरात ते दिल्लीला निघाले, तेही पायीच. सुमारे आठशे मैल, दोन महिने.

दिनक्रम ठरलेला. पहाटे तीन-चारला उठायचे आणि अंधारातच निघायचे. ऊन तापायच्या आत दहा-बारा मैल चालून पुढचे गाव गाठायचे. दुपारी लोकांना भेटायचे, संध्याकाळी प्रार्थना आणि लवकर झोप. जरा हिशेब करा. दहा मैल म्हणजे १६ किलोमीटर. त्याची साधारण २४ हजार पावले होतात, म्हणजे एकेक टाच १२ हजार वेळा टेकते. चालताना प्रत्येक वेळी टाचेवर शरीराच्या वजनाएवढा किंवा थोडा जास्त भार येतो. पन्नास किलोचा माणूस धरला तरी एका सकाळी एका टाचेने सहाशे टन भार सोसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच.

अंधारात, कंदिलाच्या उजेडात, बैलगाडीच्या चाकोरीतून चालायचे म्हणजे घोट्याची परीक्षा. घोट्याचा सांधा सुताराच्या कुसासारखा आहे. नडगीचे हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड मिळून वरून एक खाच करतात. त्या दोन हाडांची खालची टोके म्हणजेच आपले आतले-बाहेरचे घोटे. खाचेत बसते ते टॅलस नावाचे हाड. हे मोठे विलक्षण आहे. साऱ्या शरीराचा भार त्याच्यावरून टाचेकडे आणि पंजाकडे वाटला जातो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. म्हणून टॅलस मोडले तर जुळायला फार त्रास देते.

टॅलस पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. चढ चढताना पाऊल वर वळते, रुंद भाग खाचेत घट्ट बसतो, घोटा पक्का होतो. उतार उतरताना पाऊल खाली झुकते, अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणून पाय मुरगळतो तो जिना उतरताना, गड उतरताना. बहुतेक वेळा पाऊल आत वळते आणि बाहेरच्या घोट्याखालचे अस्थिबंध ताणतात किंवा तुटतात. आतल्या बाजूचा अस्थिबंध पंख्यासारखा रुंद आणि दणकट, तो सहसा दाद देत नाही. टॅलसच्या खाली आणखी एक सांधा आहे. पाऊल आत-बाहेर कलते ते त्याच्यामुळे. खडीवर, ढेकळांवर पाय ठेवला की तळव्याची जाणीव मेंदूला खबर देते आणि नडगीच्या बाजूचे स्नायू क्षणात पाऊल सावरतात. हे सावरणे सरावाने तल्लख होते, बसून राहिल्याने मंदावते. एकदा मुरगळलेला पाय वरचेवर मुरगळतो, त्यामागेही हे मंदावणे असते. तेव्हा दुखणे थांबले की एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करायला हवा. तो बहुतेक जण करत नाहीत.

१९५९ च्या उन्हाळ्यात विनोबा पीर पंजालची रांग पायी ओलांडून काश्मीरच्या खोऱ्यात उतरले. वय ६३. वर सांगितलेला सगळा चढ-उताराचा हिशेब तिथे त्यांच्या घोट्यांनी केला.

पण या तेरा वर्षांत सगळे सुरळीत झाले असे नाही. पोटातल्या अल्सरने त्यांची पाठ सोडली नाही. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडिलला मलेरियाने ते इतके आजारी पडले की जगण्याची आशा उरली नव्हती. सुरुवातीला त्यांनी औषध नाकारले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांपासून अनेकांनी विनवले, तेव्हा घेतले. बरे झाल्यावर दोन-अडीच महिने तिथेच मुक्काम केला आणि मग पुढे निघाले. विनोबांचे नाव घेऊन औषध टाळणाऱ्यांनी चांडिलचा प्रसंग ध्यानात ठेवावा. औषध घेतले नसते तर पदयात्रा पहिल्या दोन वर्षांतच संपली असती.

बिहारनंतर बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक. मार्च १९५८ मध्ये ते महाराष्ट्रात आले. पंढरपूरला सर्वोदय संमेलन भरले, तेव्हा वेगवेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. मग आसाम, १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तान आणि १० एप्रिल १९६४ रोजी परत पवनार. एकूण अंतर पृथ्वीला एक वेढा घालून उरेल एवढे.

एवढ्या चालीत पावलाची कमान टिकते कशी? टाचेच्या हाडाखालून एक जाड पांढरी पट्टी निघते आणि पाचही बोटांच्या मुळांशी जाते. तिचे नाव प्लँटर फॅशिया. धनुष्याची दोरी ताणली की कमान वाकते, तसे पाऊल उचलताना बोटे वर वळली की ही पट्टी ताणते, कमान उंच होते आणि सैल पाऊल ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते. सवयीपेक्षा जास्त भार एकदम आला तर पट्टी टाचेपाशी दुखावते. रात्री पाय सैल सोडून झोपल्यावर ती आखडते आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ओढली जाते. सुरुवातीला सांगितलेला पायाखालचा खिळा तो हाच. एक्स-रेमध्ये टाचेला वाढलेले हाड दिसले की लोक धास्तावतात. पण तसे हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या एक्स-रेतही दिसते. ते कापावे लागेल ही भीती मनातून काढून टाका.

भूदानाचा हिशेबही सांगायला हवा. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन जाहीर झाली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच वादात अडकली, मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. टीका झाली आणि ती खोटी नव्हती. १९६५ नंतर बिहारच्या दौऱ्यात विनोबांनी वाहन वापरले. पुढे त्यांनी पवनार सोडायचे नाही असे ठरवले आणि शेवटची वर्षे तिथेच आश्रमात काढली. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न आणि औषध थांबवले. १५ नोव्हेंबरला पवनारलाच त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आता परत ओपीडीतल्या प्रश्नाकडे. त्यांचे पाय कसे टिकले? लहानपणापासूनची चाल, थोडे थोडे वाढवलेले श्रम, रोजचे ठरलेले अंतर, पहाटेची थंड वेळ, हलके शरीर आणि आजारात घेतलेली विश्रांती. यातली एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

पायी जाण्याचा नवस असेल तर दोन-तीन महिने आधी चालायला लागा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग दर आठवड्याला थोडे वाढवा. वापरलेले, मऊ तळाचे बूट घाला, यात्रेच्या आदल्या दिवशी नवे घेऊ नका. सकाळी उठल्यावर पाय टेकण्याआधी टॉवेलने पंजा आपल्याकडे ओढून पोटरी ताणा, तीस सेकंद, तीन-चार वेळा. दिवसातून एकदा पाण्याची गार बाटली तळव्याखाली फिरवा. टाचदुखी बहुतेकांची याने जाते, पण काही महिने लागतात.

घोटा मुरगळला तर चोळू नका, ओढून बसवूही नका. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

आणि मधुमेह असेल तर अनवाणी चालण्याचा नेम करू नका, मंदिराच्या तापलेल्या फरशीवरही नाही. त्या बाबतीत विनोबांचे अनुकरण नको. त्यांच्या तळव्याला जाणीव होती, तुमच्या तळव्याला आहे का, ते आधी तपासून घ्या. दवाखान्यात नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून दोन मिनिटांत ही तपासणी होते. वर्षातून एकदा पुरते. घरी रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, आरसा धरून टाच पाहा. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा. बूट घालण्याआधी उपडे करून झटका.

आमचे काटेवाले काका आता दर तीन महिन्यांनी येतात. नात पाय तपासते, असे कौतुकाने सांगतात. परवा आले तेव्हा त्यांनी बूट स्वतःच काढले आणि मी काही म्हणायच्या आत टाच माझ्यापुढे धरली.